वालाच्या दाण्यापासून पेशीपर्यंत : डॉ. कमला सोहोनी

दुर्गाबाई भागवतांचे नाव ऐकले नाही असा कलाशाखेचा विद्यार्थी आपल्या महाविद्यालयात सापडणे कठीण. ‘ऋतुचक्र’ आपण वाचलेले असते, निदान वाचल्याचे उत्तरपत्रिकेत लिहिलेले तरी असते. १९७५ साली कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून आणीबाणीच्या विरोधात त्या उभ्या राहिल्या, हेही आपल्या कानांवर असते. पण याच दुर्गाबाईंना एक धाकटी बहीण होती आणि तिने भिंतीपलीकडच्या शास्त्रशाखेत तेवढ्याच तोलाचे काम करून ठेवले आहे, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? दुर्गाबाईंविषयी वाचता वाचता मला या बहिणीचा शोध लागला, आणि मग थोरली बाजूला राहून मी धाकटीच्याच मागे लागले. त्या म्हणजे डॉ. कमला सोहोनी, माहेरच्या कमला भागवत.

कलाशाखेच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलीने प्रथिनांवर आणि पेशींवर लिहावे याचे शास्त्रशाखेच्या प्राध्यापकांना हसू येईल. त्यांनी सांभाळून घ्यावे. पण हा विषय मी उगाच उचललेला नाही. कमलाबाईंनी ज्या दोन वस्तूंवर आयुष्यातली उमेदीची वर्षे घालवली, ते वाल आणि ती नीरा, या दोन्ही माझ्या घरातल्या गोष्टी आहेत. आम्ही पापडीचे. आई भाजी विकते. हिवाळ्यात तिच्या टोपलीत वालाच्या शेंगा असतात आणि गावाचे नाव पापडी नि विकायला वालपापडी अशी थट्टा गिऱ्हाईक करून जाते. आजोबा तरुणपणी ताडावर चढत. या दोन्ही कामांना शास्त्राशी काही देणेघेणे असेल, असे आमच्या घरी कोणाच्या मनात आलेले नाही.

कमलाबाईंचा जन्म १९११ साली इंदूरला झाला. वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ, आणि दोघेही बंगलोरच्या टाटांच्या विज्ञानसंस्थेत शिकलेले. तेव्हा मुलीने रसायनशास्त्र घ्यावे आणि पुढे त्याच संस्थेत जावे, हे घरात जणू ठरलेलेच होते. १९३३ साली कमलाबाई मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी. झाल्या. मुख्य विषय रसायनशास्त्र आणि जोडीला पदार्थविज्ञान. गुण उत्तम होते. त्यांनी बंगलोरला अर्ज धाडला.

तो अर्ज नाकारला गेला. संस्थेचे संचालक त्या वेळी सर सी. व्ही. रामन होते. नोबेल पारितोषिक मिळून त्यांना तीन वर्षे झाली होती आणि त्यांचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द होता. अर्जात खोट काढण्यासारखे काही नव्हते. अर्जदार मुलगी होती, एवढेच कारण.

अशा वेळी बहुतेक घरांतून मुलीची समजूत घालण्यात आली असती. कमलाबाई मात्र थेट बंगलोरला जाऊन रामन यांच्यापुढे उभ्या राहिल्या. नकाराचे कारण मागितले, आणि प्रवेश मिळेपर्यंत सत्याग्रह करण्याचा निश्चय बोलून दाखवला. मिठाच्या सत्याग्रहाला तेव्हा तीनच वर्षे झाली होती. सत्याग्रह या शब्दाला त्या काळी वजन होते. अखेर रामन यांनी प्रवेश दिला, पण अटी घालून. एक वर्षभर त्यांना नियमित विद्यार्थिनी मानले जाणार नव्हते. काम संचालकांच्या पसंतीस उतरले तरच पुढचा विचार. मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्री उशिरापर्यंत थांबून काम करावे लागेल. आणि तिसरी अट अशी की त्यांनी प्रयोगशाळेतले वातावरण बिघडवायचे नाही.

पहिल्या दोन अटी कडक आहेत, तरी त्या कामाविषयी आहेत. तिसरीचे काय करावे? मुलगी त्या खोलीत आहे हाच जिथे बिघाड मानला जातो, तिथे तो टाळायचा कसा? कमलाबाईंनी या अटी मान्य केल्या, पण हा अपमान त्या विसरल्या नाहीत. पुढे म्हातारपणीही त्यांनी तो बोलून दाखवला. वर्ष सरल्यावर रामन यांचे समाधान झाले, कमलाबाई नियमित विद्यार्थिनी झाल्या, आणि त्यानंतर संस्थेचे दार इतर मुलींनाही उघडले. रामन यांनी मत बदलले याचे श्रेय काही लेखक त्यांच्या मोठ्या मनाला देतात. माझ्या मते ते श्रेय त्या एका वर्षातल्या रात्रींना द्यावे.

इथे एक गोष्ट मनात येते, ती लिहून टाकते. कमलाबाईंसमोर दार बंद झाले, पण ते दार कुठे आहे हे त्यांना लहानपणापासून माहीत होते. वडील आणि काका त्याच दारातून आत जाऊन आले होते. अर्ज कसा करतात, शिष्यवृत्ती कशाला म्हणतात, नकार आल्यावर कुणाला जाब विचारायचा, हे त्या घरात रोजच्या बोलण्यातले होते. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिली. दहावीनंतर शास्त्र का घेतले नाहीस, असे कुणी विचारले तर मला नकार मिळाल्याचे सांगता येत नाही, कारण मी अर्जच केला नव्हता. शास्त्राला फी जास्त, शिकवणी लावावी लागते, प्रॅक्टिकलला संध्याकाळ होते, एवढे शेजारच्या एका ताईकडून कळले आणि विषय तिथेच मिटला. म्हणून कमलाबाईंची कमाई कमी ठरत नाही. पण त्यांच्या गोष्टीतून प्रत्येक मुलीने धैर्य घ्यावे असे भाषणांतून सांगितले जाते, तेव्हा धैर्याच्या आधी माहिती लागते हेही कुणीतरी सांगायला हवे.

आता त्यांच्या कामाकडे वळू. बंगलोरला एम. श्रीनिवासय्या हे त्यांचे मार्गदर्शक. कडक शिस्तीचे, पण विद्यार्थ्याला मनापासून शिकवणारे. त्यांच्या हाताखाली कमलाबाईंनी दूध आणि डाळी यांतील प्रथिने अभ्यासाला घेतली.

प्रथिन म्हणजे काय हे शाळेत आपण एका वाक्यात शिकलो: शरीराच्या वाढीला लागणारा अन्नघटक. हे वाक्य खोटे नाही, पण फारच तोकडे आहे. आपले शरीर पेशींचे बनलेले आहे. पेशीत पाण्याचा भाग सर्वांत मोठा. पाणी वगळले तर जे उरते त्यात सर्वांत मोठा वाटा प्रथिनांचा असतो. पेशीचे पातळ आवरण स्निग्ध पदार्थांचे, पण त्यात जागोजागी प्रथिने रोवलेली असतात आणि आत काय यायचे, बाहेर काय जायचे ते तीच ठरवतात. पेशीला आकार देणारा आतला सांगाडा प्रथिनांच्या धाग्यांचा. आनुवंशिकतेचा लांबलचक धागा ज्या रिळांवर गुंडाळलेला असतो ती रिळेही प्रथिनांची. स्नायू आखडतात ते प्रथिनांमुळे. केस आणि नखे प्रथिनांची. हाडाला चिवटपणा देणारे कोलॅजन हेही प्रथिनच. आणि एवढ्यावर थांबत नाही. पेशीत दर क्षणी हजारो रासायनिक क्रिया चालतात, त्या घडवून आणणारी विकरे, म्हणजे एन्झाइम, हीही जवळजवळ सारी प्रथिनेच. अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर मी मोठमोठ्या मचव्यांची दुरुस्ती पाहिली आहे. मचव्याच्या फळ्या ज्या लाकडाच्या, त्याच लाकडाचे सुतारही असावेत आणि खलाशीही असावेत, अशी कल्पना करा. पेशीत हे असे आहे.

या सगळ्या प्रथिनांची वर्णमाला मात्र लहानशी. वीस ॲमिनो आम्ले वेगवेगळ्या क्रमाने एकापुढे एक जोडली जातात, त्या साखळीला ठरावीक घड्या पडतात, आणि घडीप्रमाणे गुण येतो. मराठीची मुळाक्षरे थोडी पण ग्रंथालये भरून वाहतात, तसेच. आपण डाळ खातो तेव्हा डाळीची प्रथिने जशीच्या तशी आपल्या अंगाला चिकटत नाहीत. पोटात आणि आतड्यात त्या साखळ्या तोडल्या जातात, सुटी अक्षरे रक्तात जातात, आणि पेशी त्यांतून स्वतःचे शब्द जुळवते. काही अक्षरे शरीराला घडवता येत नाहीत. ती अन्नातूनच यावी लागतात. तांदळात लायसिन हे अक्षर कमी, डाळीत ते भरपूर. डाळीत मिथिओनिन कमी, ते तांदूळ भरून काढतो. वरणभाताला शास्त्राचा आधार आहे तो असा.

कमलाबाई बंगलोरला गेल्या तेव्हा यांतले पुष्कळसे अजून कुणालाच माहीत नव्हते. विकरे ही प्रथिने असतात हीच गोष्ट नवी आणि वादाची होती. अमेरिकेत जेम्स समनर यांनी १९२६ साली एका विकराचे शुद्ध स्फटिक काढून ते प्रथिन आहे असे दाखवले, आणि गंमत म्हणजे तेही शेंगेच्याच दाण्यातून, आपल्या अबईच्या जातीच्या. त्यांचे म्हणणे सर्वांना पटायला वर्षे लागली. नोबेल पारितोषिक मिळाले ते १९४६ साली. डाळीत प्रथिने किती हे मोजण्याची रीत त्या काळी अशी होती, आणि बऱ्याच अंशी अजूनही आहे, की त्यातला नायट्रोजन मोजायचा आणि त्या आकड्याला ६.२५ ने गुणायचे. पण सगळाच नायट्रोजन प्रथिनातला नसतो. डाळीतला प्रथिनांचा नायट्रोजन कोणता आणि बाहेरचा कोणता, हे निवडून काढण्याचे किचकट काम कमलाबाईंनी केले. ज्या देशात बहुसंख्य लोकांची प्रथिने डाळीतून येतात, तिथे हा हिशेब चोख असणे किती गरजेचे होते हे सांगायला नको. या संशोधनावर १९३६ साली मुंबई विद्यापीठाने त्यांना एम.एस्सी. पदवी दिली.

पुढच्या वर्षी शिष्यवृत्ती मिळवून त्या केंब्रिजला गेल्या. तेथील जीवरसायनशास्त्राची प्रयोगशाळा सर फ्रेडरिक हॉपकिन्स यांची. जीवनसत्त्वांच्या शोधासाठी १९२९ चे नोबेल त्यांना मिळालेले. प्रयोगशाळेत जागा शिल्लक नव्हती. तेव्हा डेरेक रिश्टर नावाच्या संशोधकाने आपले टेबल दिवसा कमलाबाईंना देऊ केले. तो स्वतः रात्री काम करी. बंगलोरला वातावरण बिघडण्याची भीती होती आणि इथे एक अनोळखी माणूस अर्धे टेबल देतो, हा फरक वाचणाऱ्याला जाणवतोच. पण केंब्रिजचेही फार कौतुक करण्याचे कारण नाही. त्या विद्यापीठात स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने पूर्ण पदवीचा हक्क १९४८ मध्ये मिळाला. कमलाबाई तिथे होत्या तेव्हा तो नव्हता.

रिश्टर दुसरीकडे गेल्यावर त्या रॉबिन हिल यांच्याकडे वनस्पतींच्या पेशींवर काम करू लागल्या. हाती बटाटा होता. आपण श्वास घेतो तेव्हा प्राणवायू फुप्फुसांतून रक्तात जातो हे आपल्याला माहीत असते. पण खरे श्वसन पेशीच्या आत होते. तिथे अन्नातल्या शक्तीची हातोहात देवघेव चालते, विहिरीला आग लागल्यावर माणसे रांगेत उभी राहून बादल्या पुढे करतात तशी (विहिरीला आग लागत नाही हे मला ठाऊक आहे, आग घराला, रांग विहिरीपासून). त्या रांगेतल्या एका लहान प्रथिनाचे नाव सायटोक्रोम सी. त्याच्या पोटात लोहाचा एक अणू असतो आणि देवघेवीचे काम तो लोहाचा अणू करतो. सायटोक्रोमांचा माग केंब्रिजलाच डेव्हिड कायलिन यांनी १९२५ पासून काढला होता. कमलाबाईंनी बटाट्यावरील प्रयोगांतून दाखवले की वनस्पतींच्या पेशीतही श्वसनाच्या या कामात सायटोक्रोम सी भाग घेते. म्हणजे बटाट्याचा कांदा जमिनीखाली अंधारात पडलेला असतो, तोही आतून आपल्यासारखाच श्वास घेत असतो आणि त्यासाठी आपल्याच जातीचे प्रथिन वापरतो. माणसात आणि चिंपांझीत तर या प्रथिनाची अक्षरे तंतोतंत एक आहेत, हे पुढे अनेक वर्षांनी कळले.

या कामावर त्यांनी प्रबंध लिहिला. टंकलिखित पाने अवघी चाळीस. आपल्याकडे प्रबंधाची जाडी पाहून विद्वत्ता जोखण्याची पद्धत आहे, तिला हा आकडा मुद्दाम कळवावासा वाटतो. चौदा महिन्यांत काम पुरे करून १९३९ साली त्यांनी केंब्रिजची पीएच.डी. मिळवली. शास्त्रात डॉक्टर झालेली पहिली भारतीय स्त्री असा त्यांचा उल्लेख सर्रास होतो. खरे पाहता वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्मल यांनी १९३१ सालीच अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली होती. कमलाबाईंचे मोठेपण पहिल्या क्रमांकावर अवलंबून नाही, तेव्हा तो ओढूनताणून त्यांना चिकटवण्याची गरज नाही.

त्या परदेशात राहू शकल्या असत्या. त्या परत आल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी जीवरसायनशास्त्राचा विभाग सांभाळला, मग कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत जीवनसत्त्वांवर काम केले. १९४७ साली मा. वि. सोहोनी यांच्याशी विवाह झाला आणि त्या मुंबईला आल्या. मुंबईच्या विज्ञानसंस्थेत, फोर्टमधल्या त्या दगडी इमारतीत, त्यांना जीवरसायनशास्त्राच्या नव्या विभागात नेमणूक मिळाली. विवाह आणि बदललेले गाव यांत अनेकींचे संशोधन कायमचे बुडते. कमलाबाईंचे सर्वांत आपल्या जवळचे काम याच इमारतीत झाले.

त्या कामासाठी पुन्हा डाळी आणि कडधान्ये. प्रश्न असा होता की कडधान्यांत प्रथिने भरपूर, दाण्याचा जवळजवळ पाव भाग, मग ती सगळी अंगी का लागत नाहीत? उत्तराचा एक भाग कडधान्यातच लपलेला असतो. आपल्या स्वादुपिंडातून ट्रिप्सिन नावाचे विकर लहान आतड्यात येते आणि प्रथिनांच्या साखळ्या तोडते. कच्च्या कडधान्यांत एक असे प्रथिन असते की ते या ट्रिप्सिनलाच मिठी मारून बसते. कुलपात मोडलेली किल्ली अडकावी तसे ट्रिप्सिन निकामी होते. म्हणजे प्रथिनच प्रथिनाला पचू देत नाही. झाडाच्या दृष्टीने यात शहाणपण आहे: दाणा हे झाडाचे मूल, आणि ते खाणाऱ्या किड्याच्या पोटात बिघाड करणे हा त्याच्या बचावाचा मार्ग.

भारतीय अन्नपदार्थांत हे अवरोधक कुठे कुठे आहेत याचा शोध कमलाबाई आणि त्यांचे विद्यार्थी घेऊ लागले. १९५४ पासून त्यांचे निबंध प्रसिद्ध होऊ लागले. आणि १९५५ साली इंग्लंडच्या ‘नेचर’ या साप्ताहिकात त्यांचे एक टिपण आले: दोन भारतीय कडधान्यांमधून ट्रिप्सिनचे अवरोधक शुद्ध स्फटिकरूपात वेगळे काढल्याचे. स्फटिक मिळणे म्हणजे पदार्थ हाती आल्याचा त्या काळचा सर्वांत भक्कम पुरावा. त्या दोन कडधान्यांतले एक डबल बी. आणि दुसरे, वाल.

हे वाचले तेव्हा मी ते आईला सांगितले. साऱ्या जगाच्या शास्त्रज्ञांनी वाचायच्या कागदात आपला वाल छापून आला होता, हे तिला फारसे नवलाचे वाटले नाही. वालात काहीतरी असते हे तिला ठाऊकच होते. कच्चा वाल कुणी खात नाही. रात्री भिजत घालायचा, दुसऱ्या दिवशी फडक्यात घट्ट बांधून मोड आणायचे, मग कोमट पाण्यात टाकून एकेक साल काढायची, आणि मगच बिरडे शिजवायचे, तेही बोटाने दाबून पाहून. या खटाटोपाचे कारण विचारले तर ती सांगेल की नाहीतर वाल बाधतो. कमलाबाईंच्या प्रयोगशाळेतल्या भाषेत सांगायचे तर भिजवण्याने आणि मोड येण्याने दाण्याची रासायनिक घडण बदलू लागते, आणि नीट शिजवल्यावर उष्णतेने त्या अवरोधक प्रथिनाच्या घड्या उलगडतात. घडी मोडली की त्याची मिठीही सुटते. अंड्याचा पांढरा बलक उकडल्यावर पुन्हा पातळ होत नाही, त्यातलाच हा प्रकार. आई आणि कमलाबाई एकाच दाण्याविषयी बोलत आहेत. मात्र या दोघींचे ज्ञान सारखेच, असे मी म्हणणार नाही. बाधतो एवढे कळणे आणि नेमके काय बाधते ते काचेच्या नळीत वेगळे काढून दाखवणे यांत मोठे अंतर आहे. ते वेगळे काढता आले म्हणूनच कोणते कडधान्य किती शिजवावे, लहान मुलांच्या आहारात ते कसे द्यावे, हे मोजून सांगता येऊ लागले.

नीरेची कथा वेगळ्या वाटेने आली. पहाटेच्या आत ताडाच्या किंवा शिंदीच्या झाडावरून उतरवलेला ताजा गोड रस म्हणजे नीरा. मडक्याला आतून चुना लावतात तो रस आंबू नये म्हणून. ऊन चढले आणि जपणूक झाली नाही की तीच ताडी. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यानंतर ताडी उतरवणाऱ्यांवर काय ओढवले याच्या आठवणी पणजोबांपासून आमच्या घरात चालत आल्या आहेत. ताडीवर गदा आली तरी नीरेला मोल येईल का, हा प्रश्न त्यामुळे अनेकांच्या पोटाचा होता. राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून कमलाबाईंनी नीरेचे पृथक्करण हाती घेतले. त्यांना तीत लोह आणि अ व क ही जीवनसत्त्वे आढळली, आणि ताडगूळ केल्यावरही या घटकांतले पुष्कळ टिकते असे दिसले. नीरेत प्रथिने नाहीत म्हटले तरी चालेल. तरीही हे काम त्यांच्या मूळ विषयापासून दूर गेलेले नाही. लोह नसेल तर सायटोक्रोम आणि रक्तातले हिमोग्लोबिन ही प्रथिने अपुरी राहतात. क जीवनसत्त्व नसेल तर शरीराला कोलॅजन नीट विणता येत नाही, हिरड्या फुटतात. आदिवासी भागातल्या कुपोषित मुलामुलींना आणि गरोदर बायांना आहारासोबत नीरा दिल्यावर त्यांच्या प्रकृतीत सुधारणा झाली, असे त्यांच्या प्रयोगांतून दिसले. या कामासाठी त्यांना राष्ट्रपतींचा पुरस्कार मिळाला.

आपला पालघर जिल्हा २०१४ साली झाला. त्याआधी ठाणे जिल्ह्यात असतानाच, १९९२ मध्ये, जव्हार भागातल्या वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला होता. त्यानंतरही कुपोषण म्हटले की जव्हार-मोखाड्याचे नाव बातमीत येते. पापडीहून ते गाव बसने एका दिवसात जाऊन येण्याच्या अंतरावर. मुलाच्या दंडाचा घेर मोजतात तेव्हा पेशीत न बनलेली प्रथिनेच एका अर्थाने मोजली जात असतात. कमलाबाई संशोधन करीत होत्या तो प्रश्न त्यांच्याबरोबर संपलेला नाही.

संस्थेत मात्र त्यांच्या वाट्याला पुन्हा जुनाच अनुभव आला. संचालकपद त्यांना मिळाले, पण अंतर्गत राजकारणामुळे चार वर्षे उशिरा. बंगलोरला रामन यांच्याशी समोरासमोर भांडता तरी आले होते. इथे भांडायला समोर कुणी एक माणूस नव्हता. मधल्या काळात आरे दूध योजनेला दूध नासू नये म्हणून सल्ला देण्याचे कामही त्यांनी केले. दूध फाटते म्हणजे त्यातल्या केसीन या प्रथिनाच्या गुठळ्या होतात, तेव्हा हाही त्यांच्याच घरचा विषय.

निवृत्तीनंतर त्या ग्राहक चळवळीत शिरल्या. मुंबईत १९६६ साली नऊ स्त्रियांनी कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था काढली होती. कमलाबाई तिच्या कामात भाग घेऊ लागल्या, १९८२-८३ मध्ये अध्यक्षा झाल्या, आणि संस्थेच्या ‘कीमत’ या नियतकालिकात ग्राहकांच्या सुरक्षिततेवर लेख लिहू लागल्या. केंब्रिजच्या पीएच.डी.ने घरातल्या वापराच्या वस्तूंवर लिहावे, हे काहींना खालच्या पायरीवर उतरणे वाटेल. मला तसे वाटत नाही. वालाच्या स्फटिकांपासून घरच्या डब्यांपर्यंत त्या एकाच वाटेने चालत आल्या होत्या.

१९९८ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने दिल्लीत त्यांचा सत्कार ठरवला. वय ऐंशीच्या पुढे गेले होते. त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि थोड्याच अवधीत त्यांचे निधन झाले. ‘नेचर’मधील वालावरच्या टिपणाला तेव्हा त्रेचाळीस वर्षे झाली होती.